दुकानच्या पत्त्यावर

बाबांनी डाव्या हाताचं बोट तोंडात धरलं होतं आणि उजव्या हाताने ते काउंटरवरच्या एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीकडे दाखवत होते. मी ट्रान्सपोर्टवरून दोराची गठाणं सोडवून नुकताच दुकानाची पायरी चढलो होतो. उन्हातून एकदम आत आल्यामुळे मला धड काही दिसत नव्हतं. "गजू, हे कोणतं मशीन मागवलं रे तू शुगरचं?" बोट तोंडातून काढून बाबा म्हणाले. "कव्हाचा रगत टाकून बसलो मी. नंबरच नाई दाखवून राह्यलं. एक लाल रेघ आली अन् तिथंच अडली." मग डोळे सरावले आणि एकेक वस्तू दिसायला लागली. खाकी कागदाचं कापलेलं पाकीट, फाडलेली चंदेरी पुडी, नखाएवढी औषधाची बाटली, वापरून टाकलेली टोचणी, कापसाचा बोळा आणि या सगळ्यांच्या बाजूला गठाणं कापायची बाबांची सुरी. पाकिटावर माझं नाव होतं. तो संच माझा होता. त्या पट्टीवर माझं रक्त पडायचं होतं. मला एचआयव्ही आहे की नाही ते ती पट्टी मला सांगणार होती, आणि माझ्या बापाने ती साखर मोजायला वापरली होती.

खरं तर आधी भीती वाटायला हवी होती. पण मला आला तो राग. हातातली ट्रान्सपोर्टची पावती मी चुरगळून टाकली हे मला गठाणं घेऊन आलेल्या हमालाने ती मागितली तेव्हा कळलं. आमच्या दुकानात आलेलं पार्सल कोणाच्याही नावाचं असो, फोडतात बाबाच. ताडपत्र्या, नायलॉनचे दोर, फवारणी पंपाचे सुटे भाग, मोटरीत भरायची तांब्याची तार, असा आमचा धंदा. माल आला की सुरी काढायची, चारचौघांसमोर कापायचा, हातात घेऊन वर करून दाखवायचा. दुकानात आला तो दुकानचा माल, हा बाबांचा कायदा. मी लहान असताना नागपूरच्या मामाने माझ्या नावाने रंगांची पेटी पाठवली होती. तीही अशीच कापली गेली, आणि मी शाळेतून येईपर्यंत सेलूच्या एका गिऱ्हाइकाने त्यातला निळा रंग तळहातावर लावून पाहिला होता. पक्का दिसते, म्हणाला होता तो. बाबा हसले होते. मी त्या दिवशी जेवलो नाही, तर आई म्हणाली, एवढ्याशा रंगासाठी काय रुसतो. आता मी छत्तीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस विरळ झालेत, या दुकानाची सगळी उठाठेव मी करतो, आणि माझं पाकीट अजून बाबाच फोडतात.

मग दुकानचा पत्ता दिलास कशाला, असं कोणी विचारेल. दिला, कारण घरी आई असते. सिंदी मेघेच्या आमच्या घरी कुरिअरवाला आला तर आई त्याला बसवते, पाणी देते, गाव विचारते, आणि पार्सलात काय असेल त्यावर त्याचंही मत घेते. घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे. मिक्सरला, माझ्या मोबाइलला, बाबांच्या चष्म्यालासुद्धा तिने हळदकुंकू लावलेलं आहे. माझा तो संच देवापुढे, वर फूल ठेवलेला, असं मला दिसलं होतं आणि मी मुकाट्याने दुकानचा पत्ता टाकला होता. पार्सल नागपूरहून निघालं हे मोबाइलवर कळलं तेव्हापासून मी काउंटर सोडला नव्हता. जेवायला घरी गेलो नव्हतो, डबा मागवला होता. आज सकाळी बाबांनीच मला ट्रान्सपोर्टवर पिटाळलं. आणि त्यांच्या शुगरच्या पट्ट्या संपल्या होत्या. किती दिवसांपासून मला सांगत होते, ऑनलाइन मागव, ऑनलाइन मागव. मी हो म्हणायचो आणि विसरायचो, कारण ऑनलाइन म्हटलं की माझ्या डोक्यात दुसरंच पार्सल यायचं. बाबा शुगर मोजतात ती दुकानातच, बोहणीच्या आधी. घरी मोजली तर आकडा आईला कळतो आणि चहातली साखर बंद होते. "तुह्या मायले नोको सांगू," हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की दुकान उघडण्याचा तो एक भागच झालाय. शटर वर, उदबत्ती, आकडा, तुह्या मायले नोको सांगू.

आणि ते खाकी पाकीट. वेबसाइटवर ठळक अक्षरात लिहिलं होतं की पाकिटावर काहीही छापलेलं नसेल, तुमची गोपनीयता जपणं ही आमची जबाबदारी आहे. वाचून मला बरं वाटलं होतं. आता वाटलं, छापलं असतं तर बाबांनी हात तरी आखडता घेतला असता. कोऱ्या पाकिटात त्यांना जे हवं होतं ते त्यांनी पाहिलं. बोट टोचायचं, थेंब टाकायचा, वाट बघायची, चित्रं तर तीच होती. माझी सगळी लपवाछपवी त्यांच्या बोटाच्या टोकावर येऊन पडली होती आणि ते ते बोट चोखत होते. मी पट्टीकडे पुन्हा पाहिलं. एक रेघ. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे आहे, हे मला पाठ होतं. डोळे मिटले की मला अशीच एक रेघ दिसायची, तिच्या शेजारची जागा कोरी, स्वच्छ, आणि मी त्या कोऱ्या जागेकडे इतका बघायचो की तिथे हळूच दुसरी उमटायला लागायची आणि मी डोळे उघडायचो. ती एक रेघ माझी होती. ती बाबांना मिळाली, न मागता, न घाबरता, आणि ते तिला मशीन बिघडलं म्हणत होते. माझ्या बापाला आजार नाही याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांचा हेवा वाटला. इतका हेवा मला कोणाच्या बंगल्याचा, गाडीचा, बायकोमुलांचा कधी वाटला नव्हता.

ही सगळी भानगड अंकुशच्या मेसेजपासून सुरू झाली. अंकुश नाचणगावचा. पुलगावच्या रस्त्यावर त्याचं मोटरी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश ओतायचं. तारेसाठी तो आमच्याकडे यायचा. बाबांना तो आवडायचा. पोरगा कामाचा हाये, म्हणायचे, आणि आपल्या चहातला अर्धा त्याला बशीत ओतून द्यायचे. दुकानात तो मला गजूभाऊ म्हणायचा, तारेचं वजन करताना माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. आणि रविवारी, त्याच्या दुकानाचं शटर आतून लावलेलं असताना, गजू. दोन वर्षं. वार्निशचा वास माझ्या शर्टाला लागायचा आणि आईला मी सांगायचो की पुलगावला वसुलीला गेलतो. आमच्यात काय होतं त्याला मी कधी नाव दिलं नाही. त्यानेही दिलं नाही. त्याच्याशिवाय माझ्या मोबाइलवर ते एक ॲप होतं, त्यात चेहरे नसलेली माणसं होती, नागपूरच्या फेऱ्या होत्या. त्याच्याही मोबाइलवर होतं. ते आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो, जसं आमच्या घरी बाबांना आकडा विचारत नाहीत.

आणि मग एका दुपारी मेसेज. मी टेस्ट केली, पॉझिटिव्ह निघाली, तू पण करून घे. खाली एक लिंक. लग्नाच्या पत्रिकेची पाठवतात तशी. फोन नाही, भेट नाही, एक शिवी नाही, रडणं नाही. माझं डोकं फिरलं. मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही. त्याने फोन केला, मी कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मग त्याचा दुसरा मेसेज आला की गोळ्या सुरू झाल्या, रोज एक घ्यायची, काही होत नाही, माणूस चांगला जगतो, तू फक्त लवकर कर. त्याचं ते शहाणपण वाचून मला वाटलं, जाऊन याची कॉलर धरावी. काय म्हणून धरणार होतो? त्याच्याकडून मला आलं असेल की माझ्याकडून त्याला गेलं असेल, हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं, आणि त्याने ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला जागाच ठेवली नाही त्याने. नुसती लिंक पाठवली आणि माझ्या काळजीत पडला. तारेला येणंही बंद केलं. बाबा विचारायचे, "अंकुश नाई दिसून राह्यला रे, कोणत्या दुसऱ्याकडून तं नाई घेऊन राह्यला?" मी म्हणायचो, मला काय माहीत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते हे मला ठाऊक होतं. पण तिथे चिठ्ठी काढायच्या खिडकीवर माझी मावसबहीण सपना बसते. कुठल्या खोलीत जायचंय ते तिला सांगितल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, आणि सपनाच्या तोंडून माझ्या आईच्या कानापर्यंतचा रस्ता फार छोटा आहे. म्हणून लिंक उघडली. नाव टाकलं, वय टाकलं, आणि मग एका मुलीचा फोन आला. मी शाल्मली बोलतेय, म्हणाली. आवाज विशीतला, बोलणं पुण्याकडचं, धुऊन वाळत घातलेलं. तुमचे पुरुषांशी संबंध येतात का, हे तिने चहात साखर घालू का अशा सुरात विचारलं. मी गोडाउनमध्ये, दोरांच्या ढिगावर बसलो होतो. आजवर माझ्या आयुष्यात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता आणि ही पोरगी पुढच्या प्रश्नाकडे निघालीसुद्धा होती. शेवटी म्हणाली, तुम्ही जास्त जोखमीच्या गटात येता, म्हणून संच मोफत मिळेल. गटात! मी शाळेत कबड्डीच्या संघात नव्हतो, लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांत नव्हतो, मित्रांच्या कुठल्या ग्रुपमध्ये दोन दिवसांच्यावर टिकलो नाही, आणि ही मला गटात घालून मोकळी झाली. मी फटकन फोन ठेवला. तरी तिने मेसेज पाठवलाच, चाचणी करताना एकटं वाटलं तर या नंबरवर फोन करा, मी लाइनवर थांबेन. कशाला थांबते ही? कोण लागतो मी हिचा? त्या मेसेजला मी मनातल्या मनात घाणेरड्या शिव्या दिल्या. पुसला मात्र नाही.

आणि आता तोच नंबर बाबाराव काकांच्या हातातल्या, संचातूनच निघालेल्या कागदावर छापलेला होता. बाबाराव काका बाबांचे मित्र, एसटीत कंट्रोलर होते, वर्ध्याच्या स्टँडवर जन्मभर माइकवरून गाड्या सांगितल्या. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमच्या दुकानात येऊन बसतात आणि छापलेलं जे दिसेल ते वाचतात, तेही गाडी सुटतेय अशा आवाजात. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला. मी म्हणालो, काका, द्या तो इकडे. पण त्यांचा आवाज आधीच सुटला होता. "एच. आय. व्ही. स्वयंचाचणी संच. वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा." दुकानात देवळीकडचा एक शेतकरी होता, कापसाच्या टेंपोवर टाकायला ताडपत्री बघत होता. त्याने ताडपत्रीतून डोकं वर काढलं. हमाल थांबला. बाबाराव काकांनाही आपण काय वाचलं ते वाचून झाल्यावर कळलं, आणि त्यांनी कागद खाली ठेवला. "प्रभाकर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे शुगरचं नोहे."

बाबांनी बोटाकडे पाहिलं. मग पट्टीकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता. पण बाबा व्यापारी माणूस आहेत. माल चुकीचा निघाला की पाठवणाऱ्याने फसवलं, याच्यापलीकडे त्यांची बुद्धी जात नाही, आणि मागे एकदा टॉर्च मागवली तर खोक्यातून विटेचा तुकडा निघालेला होता. "पाय न बाबाराव!" ते गरजले. "शुगरचं मागवलं तं काय पाठवलं पाय! माह्या दुकानात! बोहणीच्या टायमाले!" शेतकऱ्याकडे वळले. "तुम्ही सांगा पाटील, हे काय पाठवाची वस्तू हाये?" पाटील ताडपत्रीचा काठ चाचपायला लागला. मी म्हणालो, बाबा, जाऊ द्या, मी बघतो. "काय जाऊ द्या? तू असाच जाऊ देत राह्यतं म्हणून लोकं टोपी घालतात. नंबर सांग रे बाबाराव." बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर लावतात. सगळ्या बाजाराला आमच्या मालाचे भाव त्यामुळे माहीत असतात. रिंग वाजायला लागली. उचलू नये, उचलू नये, असं मी म्हणत होतो. तिने उचलला.

"नमस्कार, मी शाल्मली बोलतेय. बोला."

"काय बोला? मी वर्ध्याहून प्रभाकरराव बोलून राह्यलो. आमच्या पोरानं शुगरचं मशीन मागवलं अन् तुम्ही एड्सचं पाठवून देल्लं. हा काय धंदा लावला तुम्ही?"

पलीकडे दुसरे फोन वाजत होते. मग तिने विचारलं, पार्सलवर नाव कोणाचं आहे. बाबांनी माझं नाव सांगितलं, त्याच्यामागे स्वतःचं, त्याच्यामागे आडनाव, ठणकावून. तिने मला ओळखलं. मला ते कळलं, कारण तिचा पुढचा शब्द यायला उशीर झाला. "सर," ती सावकाश म्हणाली, "ते किट कोणी वापरलं का?"

"मीच वापरलं ना! बोट टोचलं, रगत टाकलं."

"रेघा किती आल्या सर? एक की दोन?"

"एक."

"मग काळजीचं काही नाही सर. एक रेघ म्हणजे..."

"काळजी? मी कायले काळजी करू? मले काय झालं?"

"पास झाला न तू प्रभाकर," बाबाराव काका म्हणाले. वातावरण हलकं करायला म्हणाले असतील बिचारे. पण ताडपत्रीवाला फिसकन हसला, आणि ते हसणं बाबांना झोंबलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसली. ते फोनवर वाकले आणि असे बोलले की जणू पोरगी त्या काउंटरच्या आत बसलेली आहे. "हे पाय बाई, आमच्या घरात असे लोकं नाई. असे जे रायतात न, बाप्यासंगं बाप्ये झोपणारे, त्यांच्या घरी पाठवत जा हे. अन् नाई पाठवलं तरी चालते. मेले तं मेले. आमच्यासारख्या धंदेवाल्याच्या दारात कायले आणून टाकता?"

"माफ करा सर," ती म्हणाली. "चूक आमच्याकडूनच झाली. पत्त्यांची अदलाबदल झाली असेल."

"झाली असंन म्हणजे? कोणं केली?"

"मीच केली असेल सर. पाठवायचं काम मीच बघते."

"मंग तुह्या साहेबाले दे फोन. नोकरीवरून काढाले लावतो तुले."

"हो सर. देते सर."

ती देणार होती. खरंच देणार होती. 'देते सर' म्हणताना ती मागे सरली नाही. मी तिथेच उभा होतो, हमालाच्या आणि काउंटरच्या मधे, आणि मला करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. तिने माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं, तयार, शिजवलेलं, मला फक्त गिळायचं होतं. बाबा तिच्या साहेबाला चार शिव्या देणार, दुपारपर्यंत बाजारात ऑनलाइनवाल्यांची निंदा होणार, संध्याकाळी आई म्हणणार की मी तर आधीच सांगत होते, आणि मी पुन्हा कुठल्या तरी कोऱ्या पाकिटाची वाट बघत बसणार. ज्या पोरीला मी शिव्या दिल्या तिची नोकरी माझ्यावरून ओवाळून टाकायची. मेले तं मेले. हे कोणाला म्हणाले बाबा? ज्याला बशीत चहा ओतून द्यायचे त्याला. मला. बाबांचा राग आला, त्या पोरीच्या चांगुलपणाचा आला, अंकुशच्या शहाणपणाचा आला, आणि मी अजून हमालाच्या आडोशाला उभा आहे याचा सगळ्यात जास्त आला.

"तिची चूक नाई!" मी ओरडलो. माझा आवाज असा निघेल असं मला वाटलं नव्हतं. "शुगरचं मी मागवलंच नव्हतं. हेच मागवलं. माह्यासाठी."

बाबा हसल्यासारखे झाले. "तुह्यासाठी? तुले कायले लागते?"

"कायले म्हणजे? तुम्ही आत्ता म्हणाले न, असे लोकं. मी तसाच आहो. म्हणा आता, मेला तं मेला."

वरचा पंखा कुरकुरत होता. समोरून कापसाचा एक टेंपो गेला आणि त्याच्यामागे कापसाची पुंजकी रस्त्यावर लोळत गेली. ताडपत्रीवाल्याने ताडपत्री घडी करून गठ्ठ्यावर ठेवली, नीट, कडा जुळवून, आणि मी मंग येतो म्हणून निघून गेला. बोहणी मोडली. बाबांनी त्याला थांबवलं नाही. हमाल बाहेर जाऊन हातगाडीचा दोर सोडायला लागला, सुटलेला होता तरी. बाबाराव काकांना आयुष्यात पहिल्यांदा काही वाचायला सापडत नव्हतं. बाबा आपलं बोट पँटला पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. विचारा, म्हणत होतो मी मनात. कोण, कधीपासून, कसं. अंकुशचं नाव विचारा, मी सांगतो. थोबाडीत द्या. मी लहान असताना तारेचं वजन चुकलं की द्यायचे तशी द्या. मी पाऊल मागे घेणार नाही. फोन काउंटरवर तसाच चालू होता. त्यातून तिचा आवाज आला, "गजेंद्र सर? तुम्ही आहात का तिथे?"

बाबांनी फोन एका बोटाने माझ्याकडे सरकवला. त्याच बोटाने. "तुह्याशी बोलून राह्यली," ते म्हणाले. मग उठले. गल्ल्याला किल्ली तशीच लटकत होती. "चाल बाबाराव, चहा घेऊ," म्हणाले, आणि काउंटरची फळी उचलून माझ्या शेजारून बाहेर गेले, मला धक्का लागणार नाही असं अंग चोरून. पायरीवर चपला घालताना त्यांना डावी चप्पल सापडत नव्हती. पायाने चाचपत, माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून ते म्हणाले, "अन् तिले घरचा पत्ता नोको देऊ. दुकानचाच दे. मी हात नाई लावत."

बस्स. एवढंच. बाबाराव काका माझ्याकडे वळून मान हलवत होते, बघ, बाप कसा आहे बघ, अशी. त्यांना ते फार मोठं वाटलं असेल. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक प्रश्न नाही. त्यांचा हिशेब झालासुद्धा होता. शुगरचा आकडा जसा त्यांनी इतकी वर्षं दुकानात ठेवला, तसं मलाही त्याच्या शेजारी ठेवून दिलं होतं, शटरच्या आत, घरी न नेण्याच्या वस्तूंत. शटर मला नवीन नव्हतं. दोन वर्षं दर रविवारी ते आतून लावून बसलो होतो. आता बाबा मला बाहेरून लावून देत होते, आणि मी उपकार मानावे अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी फोन उचलला. स्पीकर बंद केला नाही. "तुम्ही ठीक आहात का?" तिने विचारलं. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली की दुसरं किट ती आजच पाठवते, पण थांबायचं नसेल तर सरकारी दवाखान्यात आजच जा, आणि तिथे जायचं असेल तर तीही फोनवर राहील. मी म्हणालो, पाठवा. "तुम्हाला त्रास झाला माझ्या बाबांमुळे," असंही म्हणालो, पण ते इतक्या तुसडेपणाने म्हणालो की तिला ते भांडणच वाटलं असणार.

"पत्ता तोच ठेवू ना सर? दुकानाचा?"

बाबांना चप्पल सापडली होती. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर.

"नाही," मी म्हणालो. आणि घरचा पत्ता सांगितला. सिंदी मेघे, पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, गेटला हिरवा रंग आहे ते घर. मोठ्याने सांगितला, बाबाराव काका स्टँडवर गाड्या सांगायचे तसा, एकेक शब्द सुटा. बाबा पायरीवर होते तसे थांबले. वळले नाहीत. त्यांचा खांदा हलला, काही बोलणार असं वाटलं, पण बाबाराव काकांनी त्यांचा दंड धरला आणि दोघं तसेच उभे राहिले, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत.

ती पत्ता लिहून घेत होती. हिरवं गेट, तिने पुन्हा म्हणून दाखवलं. मग विचारलं, "दिवसा पार्सल घ्यायला घरी कोणी असतं का सर?"

"आई असते," मी म्हणालो.